उत्तरसूचीतली आजी

आमच्या शाळेत दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. ते छतापर्यंत पोचलेलं नव्हतं. वर हातभर फट होती. त्या फटीतून पलीकडचा आवाज अलीकडे आणि अलीकडचा पलीकडे बिनदिक्कत ये-जा करायचा. अलीकडे मी गणित शिकवायचो. पलीकडे चौथीच्या बाई. त्यांना सगळी शाळा पाठीमागे चौकशीबाई म्हणायची. हे नाव मीच ठेवलं होतं, ते आधीच कबूल करून टाकतो.

कारण असं की बाई शिकवायच्या नाहीत, नुसत्या विचारायच्या. निदान मला तरी तसं वाटायचं. माझ्याकडे सातचा पाढा एका सुरात चाललेला असायचा आणि वरून आवाज यायचा, "तुमच्या घरी पाणी भरायला पहिलं कोण उठतं? किती भांडी? मोठं आधी भरता की लहान? का बरं?" झालं. माझ्या वर्गाचे कान पार्टिशनला. सात पंचे किती, तर एक शहाणा म्हणाला, "सर, आमच्याकडे लहान आधी भरतात." मी त्याला बाकावर उभं केलं आणि मधल्या सुट्टीत हेडसरांकडे तक्रार केली. हेडसर म्हणाले, "जाऊ द्या हो, तिच्या वर्गात गैरहजेरी नसते." त्यांना हजेरीपट भरलेला दिसला की बाकी जग खुशाल बुडो.

बाई ठेंगण्या, काटक, चालायला जोरात. खांद्याला कायम एक जाड कापडाची पिशवी आणि उजव्या बाहीवर खडूची पावडर. भावाकडे राहायच्या. भावाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, दुकानामागे दोन खोल्या, त्यातली लहान खोली यांची. मी एकदा पंक्चर काढायला गेलो असताना त्यांच्या वहिनी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या होत्या, "आमच्या वन्संना दोन स्थळं आली होती. दोघांनाही इतके प्रश्न विचारले की ते चहा अर्धा टाकून गेले." बाई आतून हसल्या. त्यांना चिडवलेलं चालायचं. मुलांना चिडवलेलं मात्र अजिबात खपायचं नाही.

त्या अशा का झाल्या, हे त्यांनी मला एकदा पेपर तपासताना सांगितलं होतं. वडील छापखान्यात कागद कापायचे. एका खोलीत सहा माणसं. तिसरीत असताना 'आमची बाग' असा निबंध आला. बाग कुठली? खिडकीत कुंडी ठेवायलाही जागा नव्हती. यांनी खरं तेच लिहिलं: आमच्याकडे बाग नाही, पण वडील रंगीत कागदांच्या पट्ट्या आणतात, त्या आम्ही भिंतीला लावतो, पिवळ्या वर, हिरव्या खाली. गुरुजींनी पूर्ण पानावर काट मारली. मग यांनी शेजारच्या मुलीचा गुलाब-मोगरा जसाच्या तसा उतरवून काढला आणि त्याला 'छान' असा शेरा मिळाला. "सर, मला अजून त्या 'छान'चा राग येतो," बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या बाईचा आवाज चढला होता. मी म्हटलं, "अहो, विषय बाग होता ना पण?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं लाल पेन उघडलं.

दोराचा धडा झाला त्या वर्षी मी त्यांच्या बाजूला फितूर झालो. वर्गात एक दोर वळणाऱ्याचा मुलगा होता. बाईंनी सगळ्यांना विचारून यायला सांगितलं होतं, तुमच्या घरी मोजतात कसं? शिंप्याची मुलगी टेप घेऊन आली, गवंड्याचा मुलगा गाठी मारलेलं सूत घेऊन आला. दोरवाल्याच्या मुलानं दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "आमची आजी अशी मोजते. ही एक वाव." लगेच सगळ्या वर्गानं हात पसरले. व्हरांडा मोजला. एकाच्या हिशेबानं तो अकरा वावा, दुसऱ्याच्या हिशेबानं चौदा. तुंबळ भांडण. तुझे हात आखूड, तुझे वाकडे. बाई मधे पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुद्द आजीलाच बोलावलं.

म्हातारी आली, तिनं दोर हाती घेतला आणि प्रत्येक वावेनंतर चार बोटं जास्त सोडायला लागली. पोरं ओरडली, आजी चुकली! आजी म्हणाली, "चुकेन कशाला? दोर पाणी प्यायला की आखडतो. गिऱ्हाइकाला ओला झाल्यावरही पुरला पाहिजे ना?" मग कुणीतरी विचारलं, "पण आजी, तुझे हात जाऊन दुसऱ्याचे आले तर गिऱ्हाईक काय करणार?" त्या प्रश्नावरून बाईंनी मीटरपट्टी काढली. तीस वर्षं मी मीटर शिकवत होतो. तो का लागतो, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. मी माझ्या वर्गाला पाच मिनिटं पाढे मनात म्हणायला लावले आणि फटीखाली उभा राहून ऐकलं. मला बाईंचा हेवा वाटला, आणि बरंही वाटलं.

नेमका त्या आठवड्यात शाळातपासणीचा साहेब आला. भला माणूस होता, हे सांगायला हवं. त्याला सगळं फार आवडलं. "बाई, हे असं नीट लिहून द्या, सगळ्या शाळांना उपयोग होईल." बाई हुरळल्या. कोण नसतं हुरळलं? वीस वर्षं त्यांच्या वाट्याला माझ्या तक्रारी आल्या होत्या. त्यांनी सुट्टीभर बसून एक दोनशे पानी वही भरली. कुठलं मूल काय म्हणालं, आजी काय म्हणाली, मुलं कुठे हसली, कुठे गप्प झाली, सगळं. त्यांना वाटलं, वाचणारा माणूस म्हणेल, अरे वा, माझ्या वर्गात कोण कोण आहे बघू या. ही त्यांची चूक. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही त्यांना आपलं खातं कळलं नव्हतं.

दीड वर्षानं पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, वर हसऱ्या मुलांचं चित्र, नाव 'माझे घर, माझी शाळा'. बाईंचं नाव आत बारीक अक्षरात. त्यांच्या वहीतलं जवळजवळ सगळं होतं. फक्त जे एकदा घडलं होतं, ते आता सगळीकडे घडायलाच हवं होतं. 'मुले हात पसरतील. मुलांमध्ये वाद होईल (तीन मिनिटे). आजी चार बोटे जास्त सोडते असे सांगावे. मुले आश्चर्य व्यक्त करतील.' सोबत प्रत्येक शाळेला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक दोर. नायलॉनचा. तो काही पाणी पिऊन आखडणारा नव्हता. वर्षाच्या शेवटी या विषयाची लेखी परीक्षा, आणि तिची उत्तरसूची वरून येणार.

मी हसलो. बाईंना म्हटलं, "अभिनंदन. आता सगळ्या मुलांना एकच आजी." बाई हसल्या नाहीत. पुस्तक पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "पुस्तक काय, मिटताही येतं."

त्याच वर्षी ती मुलगी चौथीत आली. शाळेच्या समोरच्या बोळात जिन्याखाली एक म्हातारी इस्त्रीचं टेबल लावायची, तिची नात. आई नव्हती, बाप कामासाठी गावोगाव. ही मुलगी तीन वर्षं शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीला हात वर करायची, बस. म्हातारी म्हणायची, "घरी टाळूला जीभ लागत नाही हो हिची! शाळेचं दार दिसलं की कुलूप." तिसरीपर्यंत कसंबसं ढकललं होतं. आता हेडसरांनी स्पष्ट सांगितलं: यंदा सगळ्या विषयांत पास झाली तर ठीक, नाहीतर गतिमंद मुलांच्या शाळेत दाखला. ती शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. म्हातारीला टेबल सोडून तिला रोज न्यायला-आणायला जाणं शक्य नव्हतं. म्हणजे दाखला गेला की मुलगी घरी बसणार, हे सरळच होतं. बाई हेडसरांना एवढंच म्हणाल्या, "वर्षभर माझ्याकडे राहू द्या."

दोराचा धडा बाईंनी ठरल्या तारखेला पुस्तकाप्रमाणे घेतला. फोटो काढून वर पाठवला. आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून पुन्हा सगळ्यांना विचारायला सुरुवात केली, तुझ्या घरी काय मोजतात, तुझ्या घरी कसं. माझा वर्ग तोवर सरावला होता. बाईंची चौकशी सुरू झाली की आम्ही तोंडी हिशेब थांबवून लेखी करायचो. तिकडे एकाएकी सगळा गलका थांबला. मला वाटलं कुणी पडलं की काय. मग बाईंचा आवाज, अगदी हळू, "हे काय गं? हात गालाजवळ का नेलास? दुखतोय का?"

आणि एक आवाज आला. मी तो कधी ऐकला नव्हता. "आजी. इस्त्री गालाजवळ नेते. मग कळतं."

"काय कळतं?"

"किती तापली ते. सुती कापडाला चालेल का. नाहीतर जळतं."

"आणि गाल नाही भाजत?"

"लावत नाही. जवळ नेते." आणि मग जरा तिरसटपणे, "लावेल कशाला?"

पलीकडचा वर्ग खदखदून हसला. माझाही हसला. मधल्या सुट्टीत बाई व्हरांड्यात भेटल्या तर डोळे लाल. "ऐकलंत ना सर? तुम्ही ऐकलंत ना?" साक्षीदार हवा असल्यासारखं दोनदा विचारलं. मी म्हटलं, ऐकलं. त्यानंतर ती मुलगी रोज थोडं थोडं बोलायला लागली. फक्त घरचं. कोळसा कुठला लवकर विझतो, कॉलर आधी की बाही आधी, कोणत्या घरातल्या शर्टाला कशाचा वास येतो. पण बोलायची. आणि जे बोलायची ते बाई तिला लिहायला लावायच्या. वर्ष संपेस्तोवर ती पानभर लिहीत होती.

परीक्षेत नियम असा होता की आपल्या वर्गाचे पेपर आपण तपासायचे नाहीत. चौथीचे पेपर माझ्याकडे आले.

'माझे घर, माझी शाळा', प्रश्न पाचवा, गुण दहा: आजी मोजमाप कसे करते ते सविस्तर लिहा. उत्तरसूचीत मुद्दे होते. दोर. वाव. चार बोटे. दोर आखडणे. खाली ठळक अक्षरात: सूचीबाहेरील उत्तरास गुण देऊ नयेत. काही पेपर फेरतपासणीसाठी मागवले जातील.

तिचा पेपर मी लगेच ओळखला. तिनं सव्वा पान लिहिलं होतं. 'माझी आजी पट्टी घेत नाही. ती गालाने मोजते. गालाला गरम हवा लागते ती रोज वेगळी असते. थंडीत फसवते. मग आजी दोनदा नेते. मी एकदा नेली तेव्हा मला वाटले पुरे तापली पण आजी म्हणाली अजून नाही. माझा गाल अजून लहान आहे.' हे सगळं मला आज तोंडपाठ आहे, कारण मी ते सात-आठ वेळा वाचलं. दोर नव्हता. वाव नव्हती. चार बोटं नव्हती. मी शून्य लिहिलं.

का लिहिलं? मी स्वतःला बरीच कारणं दिली. एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते. गणिताचा माणूस, उत्तर जुळलं नाही की नाही. खरं कारण असं की मी घाबरलो. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, एकही शेरा माझ्या नावावर नव्हता, आणि फेरतपासणीला नेमका हाच पेपर गेला तर? त्या शून्यानं ती सहा गुणांनी नापास झाली.

बाई भांडतील अशी माझी तयारी होती. मी उत्तरंही ठरवून ठेवली होती. त्यांनी पेपर उभ्यानंच वाचला. मग उत्तरसूची मागितली, तीही वाचली, मुद्द्यांवरून बोट फिरवत. म्हणाल्या, "तुम्ही बरोबर तपासलंय सर. हे सगळं माझंच आहे." आणि पेपर परत माझ्या गठ्ठ्यात, बरोबर त्याच जागी ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या साहेबाला जाऊन भेटल्या. त्यानं खुर्ची दिली, पेपर वाचला, "सुंदर लिहिलंय" म्हणाला. म्हणाला, पुढच्या आवृत्तीत विचार करू. सूची त्याच्याही हातात नव्हती. फेरपरीक्षा मात्र आठ दिवसांनी होती, प्रश्नपत्रिका तीच.

त्या आठ दिवसांत शाळेला सुट्टी होती. मी निकालपत्रकं भरायला रोज जायचो. पलीकडे बाई आणि ती मुलगी, दोघीच.

"आजी काय वळते?"

गप्प.

"दोर. म्हण."

"माझी नाही वळत."

"माहीत आहे मला. पण लिहायचं दोर."

"मग ती कुणाची आजी आहे?"

मी लिहिता लिहिता थांबलो. मग बाईंचा आवाज आला, "परीक्षेतली. म्हण, आजी दोर वळते."

पहिले तीन दिवस मुलगी पुन्हा बंद. चौथ्या दिवशी कुजबुजत म्हणायला लागली. सातव्या दिवशी धडाधड, एका सुरात, माझ्या पाढ्यांसारखं. मधे एकदा ती म्हणाली, "बाई, आजीनं काल नवी इस्त्री..." आणि बाई म्हणाल्या, "ते नंतर. आधी चार बोटं." मला उठून पलीकडे जावंसं वाटलं. जाऊन काय सांगणार होतो? शून्य माझंच होतं. मी बसून राहिलो.

ती पास झाली. प्रश्न पाचवा, दहापैकी दहा. दाखला जायचं टळलं, मुलगी आमच्याच शाळेत पाचवीत गेली. या बाबतीत बाई जिंकल्या, असं हेडसर म्हणाले आणि कागदावर ते खरंही होतं.

पुढच्या हिवाळ्यात वरून पाहुणे आले. पुस्तक कसं चाललंय ते पाहायला तीन-चार जणं, सोबत आपला साहेब. हेडसरांनी सगळ्या जुन्या-नव्या मुलांना चौथीच्या वर्गात कोंबलं. मी दाराशी उभा होतो. थोड्या वेळानं इस्त्रीवाली म्हातारी आली, हातावर टेबलक्लॉथ. पाहुण्यांच्या चहासाठी हेडसरांनी इस्त्रीला टाकला होता. आत गर्दी पाहून ती माझ्याशेजारी थांबली.

पाहुण्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "बाळ, तुझी आजी मोजमाप कसं करते?"

नेमकी हीच. मी बाईंकडे पाहिलं. बाई फळ्याला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ किंचित उघडले होते. मला खात्री आहे, त्या क्षणी त्यांना आशा होती.

मुलगी उठली. हात सरळ, मान वर. "माझी आजी दोर वळते. ती दोर वावेने मोजते. प्रत्येक वावेमागे ती चार बोटे जास्त सोडते. कारण दोर पाणी प्यायला की आखडतो." खणखणीत आवाज, एकदाही अडखळली नाही. पाहुण्यांनी शाबासकी दिली. "बघा," एक जण दुसऱ्याला म्हणाला, "घरचं ज्ञान असं शाळेत येतं." वर्गानं टाळ्या वाजवल्या.

मला म्हातारीकडे बघवेना. पण तिनंच माझी बाही ओढली. तिचे डोळे भरून आले होते. "ऐकलंत सर? बोलली! केवढ्या लोकांसमोर बोलली!" मग जरा विचारात पडून, "पण ते दोराचं काय म्हणाली?"

"पुस्तकातलं आहे ते," मी म्हटलं.

"हां, मग बरोबर."

पाहुणे चहाला गेले, मुलं पांगली. म्हातारी टेबलक्लॉथ माझ्या हातात देऊन सरळ आत गेली आणि तिनं बाईंचे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार कसे फेडू बाई? एक सांगते, रागावू नका. घरी हल्ली बोलत नाही ती पूर्वीसारखी, टेबलाशीही येत नाही. पण शाळेत बोलते ना, मग चालेल. आता तिला आमच्याकडचं काही विचारत जाऊ नका. आमच्याकडे आहे काय सांगण्यासारखं? पुस्तकातलंच विचारा. नाहीतर परत गप्प होईल."

बाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. "बरं," त्या म्हणाल्या.